नकाशातलं भोक

नागरत्नाबाईंनी नकाशाच्या चारही कोपऱ्यांवर कॉफीचे पितळी लोटे ठेवले, आणि मगच नातीला समोर बसायची परवानगी दिली.

अन्विताने मोबाइल पुढे केला. "अज्जी, रूट तयार आहे. नरसीपूरवरून तळकाड."

"तयार आहे म्हणजे? वळणं कुठे कुठे घ्यायची?"

"ती सांगते ना."

"ती कोण?"

मोबाइलमधल्या बाईने नेमकं तेव्हाच तोंड उघडलं. नागरत्नाबाईंनी चष्म्यावरून असं पाहिलं, की नवी सून असती तर जागीच गप्प झाली असती.

पंचवीस वर्षं वादिराजरावांच्या जावा मोटरसायकलवर मागे बसून, हाच नकाशा मांडीवर धरून, वळणं त्यांनी सांगितली होती. हँडल नवऱ्याच्या हातात असे. गाडी मात्र त्यांच्या शब्दावर वळे. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि मुलाने, रघूत्तमने, त्यांचं दुचाकीवर बसणंच बंद केलं. परवा डॉक्टरांनी मोकळीक दिली, तेव्हा कुवेंपुनगरच्या घरात नकाशा पुन्हा उलगडला होता.

"पण इथे भोक आहे की," अन्विता म्हणाली.

घड्या पडून पडून नेमकं नरसीपूर झिजून गेलं होतं. तिने मोबाइल हळूच नकाशाखाली सरकवला. भोकातून नदीचा निळा पट्टा उजळला. नागरत्नाबाई क्षणभर पाहत राहिल्या.

"काढ तो. नरसीपूर मला तोंडपाठ आहे. हे बघ, मी येईन, पण वळणं मी सांगणार. ती बाई अवाक्षर काढणार नाही."

"सरी, अज्जी. तू म्हणशील तसं."

रविवारी सकाळी रघूत्तमने आईच्या हेल्मेटचा पट्टा दोनदा तपासला. "आई, घट्ट धरून बस."

"तुला मांडीवर घेऊन याच रस्त्याने गेले आहे मी. बाजूला हो."

नरसीपूरला फाटा आला. अन्विताने वेग कमी केला. "अज्जी?"

नागरत्नाबाईंनी आठवणीतला पिंपळ शोधला. त्याच्या जागी टायरचं दुकान होतं.

"डावीकडे," त्यांनी ठणकावलं.

गाडी डावीकडे वळली. हँडलवर बसवलेल्या मोबाइलमधली निळी रेघ मागे पडली. थोड्या वेळाने नवी उमटली, आल्या वाटेने उलट फिरणारी. नातीच्या खांद्यावरून त्यांना ती लख्ख दिसत होती. अन्विताच्या तर नाकासमोरच होती. ती मात्र दोन्ही बाजूंचा ऊस पाहत, काहीतरी गुणगुणत, निवांत गाडी हाकत राहिली.

दोन मैल झाले. नागरत्नाबाईंनी नकाशाची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली आणि नातीच्या खांद्यावर बोट टेकवलं.

"थांब जरा. त्या बाईला बोलू दे."

"का, अज्जी?"

"बिचारी मघापासून गप्प बसली आहे. माणसाने किती ऐकून घ्यावं?"