फ्रिजमधले खडे

टाळ्यांनी हॉल दणाणला. खडेमहाराजांनी बर्फाच्या पेटीतून बरणी काढून डोक्यावर धरली होती. पाण्यावर वाटाण्याएवढे हिरवे खडे तरंगत होते.

"या ताईंच्या पित्ताशयातून पडले!" महाराज माइकवर गरजले. "ना सुरी, ना टाका! डॉक्टर पोट फाडतो, मी पोटाला समजावतो!"

भिंतीशी महाराजांच्या एका जुन्या भक्ताची लेक उभी होती. तिच्या बाबांनी इथेच महाराजांच्या औषधाचा पेला रिचवला होता. तेल, लिंबाचा रस, वर जुलाबाचं मीठ. सकाळी खडे पडले. बाबांनी ते गाळणीत धुतले, बरणीत भरले, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवले आणि ठरलेलं ऑपरेशन रद्द केलं. पुढे ताप आला, डोळे पिवळे झाले. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला होता.

आज तोच पेला आत्याच्या, बाबांच्या थोरल्या बहिणीच्या हातात होता. तिलाही खडे. तिचं ऑपरेशन उद्यावर आलेलं.

लेक पुढे गेली. "आत्या, खाली ठेव तो."

"अगं, तुझ्या बाबांचे पडले होते की! मी या डोळ्यांनी पाहिले."

"मीही पाहिले. आता हे बघ." तिने पिशवीतून बाबांची बरणी काढली. पाण्यावर नुसता हिरवा तवंग होता. "फ्रिज साफ करताना ही शेगडीजवळ राहिली. खडे गायब!"

"खडे थंडच ठेवायचे असतात!" महाराज ओरडले. "उष्णतेने विष पसरतं!"

"विष पसरत नाही, बिंग फुटतं."

तिने कोपऱ्यातल्या चहाच्या थर्मासमधून उकळतं पाणी कपात ओतलं आणि महाराजांच्या बरणीतला एक खडा आत्यापुढे धरला. "तूच टाक."

आत्याने टाकला. खडा मऊ पडला, पसरला, विरघळला. वर तेल आलं.

"श्रद्धा नसली की खडा रुसतो!" महाराज म्हणाले.

"रुसतो की वितळतो?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

लेक हसली नाही. "तेल आतड्यात गेलं की पाचकरस ते फोडतात. क्षारांशी मिळून त्याचे साबणासारखे गोळे होतात. पित्त त्यांना हिरवं करतं. पित्ताशयातून आतड्यात उतरणारी नळी किती अरुंद असते, ठाऊक आहे? एवढे ढीगभर खडे त्यातून येतील कसे? हा माणूस तुम्हाला तेल पाजतो आणि तेच तुम्हाला दाखवून टाळ्या घेतो!"

आत्याचा आवाज खाली आला. "मग त्याचे खरे खडे?"

"पोटातच होते, आत्या. शेवटच्या सोनोग्राफीत सगळे दिसले. एक नळीत अडकला होता."

आत्या उठली आणि कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये तिने पेला उपडा केला. "चल. उद्या उपाशीपोटी बोलावलंय मला."

दाराशी लेक वळली. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी जा, आपापल्या बरणीत उकळतं पाणी ओता. आणि सोनोग्राफी करा. खडे गेले की नाही, ते बरणीला कळत नाही."

ज्यांच्या खड्यांना टाळ्या पडल्या होत्या त्या ताई उठल्या, त्यांनी महाराजांच्या हातातून आपली बरणी ओढून घेतली आणि म्हणाल्या, "थर्मासमध्ये पाणी उरलंय का?"