सावडीचे हात

कडावच्या खालच्या आळीत गौराबाईचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. आळीतल्या घरांची आवणीची सावड तिनंच चालवली होती. भाताचं रोप लावायला आज सगळ्या बाया एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या, आणि जिच्या घरातून जितके हात यायचे तितके तिच्या शेतात परत जायचे. कुठं लिहून ठेवायची गरज नव्हती. अमक्या घरानं हात फेडला नाही, असं म्हणायची पाळी कधी आली नव्हती आणि गौराबाईला याचा कोण अभिमान!

तिची स्वतःची नऊ बाळंतपणं झाली, त्यांतली पाच पोरं तिनं ओढ्याकाठी पुरली. त्यामुळे सून मैना दुसऱ्या खेपेला मरता मरता वाचली, तेव्हा गौराबाईनं मुलाला, चांगोला, विचारलंसुद्धा नाही. गाडी जुंपायला लावली आणि मैनेला पोरं बंद करायच्या ऑपरेशनसाठी कर्जतला घेऊन गेली. हे सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमाराचं. नर्सबाई घसा कोरडा करून जायच्या, भिंतींवर लाल त्रिकोण काढून जायच्या आणि त्यांच्या पाठीमागे बाया दारं लावून घ्यायच्या. पण गौराबाईनं सून नेली म्हटल्यावर तीच दारं उघडली. शेजारची सोनुबाई तेवढी ऑपरेशनला जाताना रडत होती, दोन पोरांतलं एखादं गेलं तर काय करू म्हणून. गौराबाईनं तिला दटावलं, की दोनच असली तर नीट बघशील, जायची नाहीत. आणि नाहीच गेली. आळीतली सगळी पोरं जगली, बायांच्या अंगावर मांस दिसायला लागलं. भाषणं ठोकणाऱ्यांना जे जमलं नाही ते या अडाणी बाईनं करून दाखवलं, आणि त्याबद्दल तिला कोणी साधा नारळही दिला नाही.

पोरं जगली, शाळेत गेली आणि तिथंच घोळ झाला. पूर्वी चारांतला एक नोकरीला गेला तरी तिघं मागं राहायची. आता दोनच, आणि दोन्ही शिकलेली. मैनेचा गजा साजगावच्या कारखान्यात लागला, मुलगी बदलापूरला दिली. सोनुबाईचे दोन्ही मुलगे डोंबिवलीत बायका घेऊन राहिले. सावडीतला एकेक हात असा गळत गेला. पंच्याऐंशी साली गौराबाईनं नेहमीसारखा सांगावा धाडला, तर घरोघरून एकच उत्तर आलं, की यंदा आमचं आम्ही बघू.

चांगोनं चिखल करून ठेवला होता. सासू-सुनेनं वाकून वाकून वरची खाचरं कशीबशी लावली. पण वर्षाचं खायचं भात यायचं ते खालच्या दोन मोठ्या खाचरांतून आणि ती तशीच पडली होती. पालापाचोळा भाजून केलेल्या राबातलं रोप गुडघ्याला लागलं, त्याला गाठी धरायला लागल्या, लावायची वेळ टळत चालली. मजुरीला येणारी कातकरवाडीतली माणसं आधीच दुसरीकडे गुंतलेली. गौराबाईला झोप लागेना. शेवटी तिच्या मनानं घेतलं, की आपण न बोलावता सोनुबाईच्या शेतात जाऊन लावायचं. सोनुबाई कोणाचा हात अंगावर ठेवून घेणारी नव्हती. ती फेडायला आली, की तिच्यामागून बाकीच्याही येतील आणि सावड पुन्हा उभी राहील.

सकाळीच डोक्यावर इरलं घेऊन ती निघाली. सोनुबाई एकटीच खाचरात वाकलेली होती. गौराबाईनं काष्टा खोचला, रोपाची मूठ उचलली आणि चिखलात पाय टाकला. सोनुबाई सरळ झाली, जवळ आली आणि तिनं ती मूठ गौराबाईच्या हातातून काढून घेतली.

"नको गं गौरा. घरी जा."

"मी मागायला नाय आले. द्यायला आले."

"तेच नको म्हनते. आज तू लावलंस तर उद्या मला तुज्याकडं यावं लागंल. माजी कंबर हितंच संपली. मी कुनाला धाडू?"

"नको फेडूस," गौराबाई म्हणाली.

म्हणाली आणि तिचं तिलाच लागलं. जन्मात हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. फुकटचा हात घेणारं घर भिकेला लागलेलं असतं, हे आळीला तिनंच शिकवलं होतं. सोनुबाईचा चेहरा उतरला. तिनं मूठ बांधावर ठेवली. ती बोलली तेव्हा रागावलेली नव्हती, आणि रागावली असती तर बरं झालं असतं.

"तू नेलंस म्हनून माजी पोरं जगली. ते मी मरंपर्यंत इसरायची नाय. पर तवा एक सांगितलं नाय तू, गौरा. दोगं जगली आनि दोगंबी गेली, तर मागं कोन राहतंय, ते."

गौराबाईला तेव्हा ते माहीत नव्हतं. नर्सबाईंना नव्हतं आणि त्रिकोण रंगवणाऱ्यांनाही नव्हतं. ती बांधाबांधानं परत आली.

रविवारी गजा आला, दुपारपर्यंत राबला आणि कंबर धरून बांधावर बसला. मग त्याची कारखान्यातल्या पाळीला जायची वेळ झाली. रोप पिवळं पडलं. एके सकाळी गौराबाईनं विळा घेतला, राबातलं उरलेलं सगळं रोप कापलं आणि गोठ्यात म्हशीपुढं टाकलं. मैना दारात उभी राहून रडली. तिला गप्प कर, अशा नजरेनं चांगोनं आईकडे बघितलं, पण गौराबाईनं तिला रडू दिलं.

म्हैस पोट भरून रवंथ करत बसली. पुढच्या साली राब भाजूच नकोस, असं गौराबाईनं चांगोला सांगितलं.