उभ्यानं केलेली सही

पेंटरची सही बँकेत जुळेना. दुखणं एवढंसं, पण त्यानं छोटीच्या नाकी नऊ आणले होते. छोटी म्हणजे पेंटरची मुलगी. वय अठ्ठेचाळीस, नोकरी चष्म्याच्या दुकानात, गुडघे कुरकुरायला लागलेले. पण घरात एकदा नाव पडलं की पडलं, त्याला कोण काय करणार.

छोटीची आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिच्याजवळ दिवसा बसायला एक मावशी ठेवल्या होत्या आणि त्यांचा पगार पेंटरच्या खात्यातून निघायचा. निघायचा म्हणजे, आधी निघायचा. पैसे काढायच्या स्लिपा दोन महिने परत येत होत्या, कारण सही जुळत नव्हती. मावशी भल्या, पण त्यांनाही पोट होतं. या महिन्यात पगार नाही मिळाला तर दुसरं काम बघते, असं त्यांनी खाली बघत सांगून टाकलं होतं. त्या गेल्या तर छोटीला नोकरी सोडावी लागणार, आणि नोकरी सोडली तर सगळंच बसणार.

म्हणून तिनं ठरवलं, अधिकारपत्रच करून टाकू. खातं मी चालवीन, रोजची कटकट नको. त्यावर पेंटरची फक्त एक सही हवी होती. फक्त म्हणे! दोनदा गेले, दोनदा हात हलवत परत आले. जुन्या कार्डावरची सही कशी ऐटीत मान वर करून उभी, आणि आताची बघावी तर शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेलेली.

काउंटरवरच्या मॅडम स्वभावानं चांगल्या. त्या म्हणाल्या, आजोबा, अंगठा लावला तरी चालेल. पेंटरनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी शाईची डबी आपणहून मिटली. निम्म्या बाजारपेठेला ज्यानं पाट्या रंगवून नावं दिली, त्यानं अंगठा लावायचा? मॅडमनी छोटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता एकदाच शेवटचं बघू, नाहीतर कोर्टातून कागद आणावा लागेल. सहा महिने धरून चाला.

घरातल्या दुपारी आताशा लांबत चालल्या होत्या. आई झोपेत कुणाशी तरी हळू हळू बोलायची, मावशी खुर्चीत पेंगायच्या, पडदा आत-बाहेर व्हायचा, आणि सगळं घर पाण्यावर सोडल्यासारखं कुठेतरी संथ चाललंय असं छोटीला वाटायचं. तिला ते आवडायचं, का खोटं बोला. असंच वाहत जावं, वाटेत कुणी कागद मागू नये.

त्या दुपारीही तिचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा टेबलावर सहीच्या सरावाची वही उघडी, तीन पानं मुंग्यांनी भरलेली, आणि पेंटर जागेवर नाही. तो स्वयंपाकघरात होता. आईचं अंग पुसायला ठेवलेलं पाणी उकळून उकळून खिडकीची काच वाफेनं पांढरी झाली होती आणि तो काचेपुढे उभा राहून बोटानं लिहीत होता. छत्र्या दुरुस्त करून मिळतील. त्याखाली, केस कापण्याचे दुकान. अक्षरं वीतभर उंच, गोल, भरलेली. पहिली ओळ ओघळून जायची तोवर तो दुसरी काढायचा. छोटी दारातच उभी राहिली. झोपेतून पूर्ण बाहेर आलोय की नाही, हेच तिला कळेना.

"बाबा, हात कापत नाहीये तुमचा."

"कशाला कापेल?" तो मागे न बघता म्हणाला. "अक्षर बोटांतून थोडंच येतं? खांद्यातून येतं. बसून लिहायला मी काय कारकून आहे?"

छोटीनं कपाळावर हात मारून घेतला. दोन्ही खेपेला बँकेत काय झालं होतं? आजोबा आले, आजोबांना खुर्ची द्या, पंखा लावा, पेन हातात द्या. सगळ्यांनी मिळून आदरानं म्हाताऱ्याची वाट लावली होती, आणि त्यात सगळ्यात पुढे होती ती.

तिसऱ्या खेपेला मॅडम खुर्ची घेऊन आल्या, तर छोटीनं ती बाजूला सारली. तिनं विचारलं, फॉर्म खांबाला चिकटवला तर चालेल का. मॅडमनी मॅनेजरना बोलावलं. सही बसूनच करावी असा नियम काही त्यांना आठवेना. शेवटी चिकटपट्टी आली आणि फॉर्म खांबावर, डोळ्यांच्या उंचीला लागला.

पेंटर समोर उभा राहिला. डावी मूठ खांबाला टेकवली, तिच्यावर उजवं मनगट ठेवलं. पेन खांद्यापासून चालू लागलं. पंख्याची सावली भिंतीवरून सावकाश फिरत होती, आणि छोटीला क्षणभर तो खूप उंचावर, शिडीवर उभा असल्यासारखा दिसला. आपण लहानपणीसारख्या खाली रंगाचा डबा धरून उभ्या आहोत, आणि घरी जायची कुणालाच घाई नाही.

मॅडमनी कार्ड शेजारी धरलं. एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं, आणि हसल्या. जुळली.

छोटीच्या जिवात जीव आला. मावशी राहणार, नोकरी राहणार. शिक्का बसला. मॅडम फार प्रेमानं म्हणाल्या, "आजोबा, आता तुम्हाला इथं यायला नको. इथून पुढे सगळीकडे ताईंची सही चालेल."

पेंटर पेन धरून तसाच उभा होता.

"म्हणजे ही शेवटची?" त्यानं छोटीला विचारलं.

महिना-दोन महिने ती याच कागदासाठी जीव टाकत होती, आणि या कागदानं त्याचं काय जाणार हे तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. तिनं मान हलवली.

त्यानं पेनाचं टोपण लावलं, ते मॅडमच्या हातात दिलं, आणि पुन्हा एकदा सहीकडे बघितलं.

"आधी सांगायचं ना, छोटे," तो म्हणाला. "जरा मन लावून केली असती."