पान एकाहत्तर, कोरं

आमचे श्रीधरराव बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आले, तेव्हा त्यांच्या बरोबरीचे लोक शेअर बाजारात शिरले, नाहीतर वाघोलीत प्लॉट बघू लागले. यांनी जुनी पुस्तकं पुन्हा छापायला काढली. तीही कुणी मागितलेली नसताना. मूळ पुस्तकात असेल तसंच छापायचं, चूक असली तर चुकीसकट, हा त्यांचा हट्ट. मुद्रितं तपासायला मी घरात फुकटची होतेच.

'मरीच्या सालची हकीकत' हे पुस्तक त्यांना सगळ्यात जास्त हवं होतं. प्लेगच्या दिवसांत नगरपालिकेत असलेल्या एका कारकुनानं स्वतः पाहिलेलं लिहून काढलं होतं. ग्रंथालयातली प्रत वाळवीनं खाल्लेली. शोधता शोधता एकच धड प्रत सापडली, सदाशिव पेठेत रामदास सोहोनींकडे. सोहोनी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. पुस्तक त्यांच्या कपाटात पिढ्यान्पिढ्या होतं आणि त्यांनी ते कधी उघडलं नव्हतं. "न्या, पण जसं आहे तसं परत आणा," एवढं सांगून त्यांनी ते दिलं.

आम्ही दोघांनी ते आणल्याआणल्या वाचून काढलं. पान एकाहत्तरवर सोहोनींचे पणजोबा होते. त्या काळचे नावाजलेले वैद्य. आजारी माणूस लपवू नका, छावणीतल्या इस्पितळात पाठवा, असं ते गावभर सांगत फिरत. आणि स्वतःची सून तापानं फणफणली, तेव्हा तिला त्यांनी धान्याच्या कोठीमागे लपवलं. त्यातून शेजारची दोन मुलं दगावली, असं कारकुनानं सरळ नावानिशी लिहिलं होतं.

दुसरा कुणी असता तर गप्प बसून छापून मोकळा झाला असता. श्रीधररावांनी सोहोनींना फोन केला. मी म्हटलंसुद्धा, "अहो, कशाला आ बैल मुझे मार?" पण सरळपणाची खाज असते एकेकाला.

सोहोनी रिक्षा करून बिबवेवाडीला आमच्या घरी आले. पान वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

"हे गाळा. नाहीतर पुस्तक परत द्या. आमच्याकडे त्यांच्या तसबिरीला अजून रोज हार घालतात."

"मागची बाजू वाचलीत का?" श्रीधररावांनी विचारलं.

"पुढचीच पुरे झाली मला."

दोन दिवस श्रीधररावांना जेवण गोड लागलं नाही. पान गाळायचं म्हणजे लबाडी, आणि नाही म्हणायचं तर उरलेलं सगळं पुस्तकही पुन्हा कपाटात आणि तिथून वाळवीच्या पोटात. शेवटी त्यांनी होकार दिला. सोहोनींनी आमच्याच टेबलावर पट्टी धरून ते पान कापून घेतलं. झेरॉक्स काढलेली नाही, याची शपथ घ्यायला लावली. काढलेली नव्हतीच. मला त्या माणसाचा राग आला होता, आणि कीवही आली.

पण श्रीधररावांनी आपला शब्द पाळला तो आपल्या पद्धतीनं. पान एकाहत्तर आणि बहात्तर, आकडे टाकून, कोरी सोडली. खाली बारीक अक्षरात ओळ दिली: 'प्रतीच्या मालकांच्या इच्छेनुसार मजकूर गाळला आहे.' आणि प्रस्तावनेत रामदास सोहोनींचे मनःपूर्वक आभार. मी म्हटलं, "हे आभार आहेत की पत्ता?" ते म्हणाले, "वाचकाला अंधारात ठेवायचं नाही."

वाचक अंधारात राहिलाच नाही. त्यानं स्वतःचा दिवा लावला: सोहोनी म्हणजे त्या नावाजलेल्या वैद्यांचं घर, तेव्हा गाळलेलं पान वैद्यांचंच. आमची लेक अवनी हिंजवडीला नोकरीला. ती ऑर्कुटवरचं वाचून दाखवायची. एकानं लिहिलं, वैद्य मढ्यांच्या अंगावरचे दागिने काढायचे. दुसऱ्यानं लिहिलं, गोऱ्या शिपायांना आजाऱ्यांची घरं तेच दाखवायचे. तिसऱ्यानं तर 'माझ्या आजीनं मूळ पुस्तक वाचलं होतं' असं म्हणून हे दोन्ही खरं असल्याचं सांगितलं. पुस्तक मात्र हातोहात खपलं. आमचं एकही पुस्तक तसं खपलं नव्हतं, आणि श्रीधरराव दिवसेंदिवस गप्प होत गेले.

मग सोहोनी पुन्हा आले. या वेळी ते खुर्चीत नीट टेकलेही नाहीत.

"माझ्या नातवाला, शुभंकरला, कंपनीत पोरं विचारतात. दागिन्यांवरून चिडवतात. तुम्ही ते पान छापा. लेखी परवानगी देतो."

"द्या पान," श्रीधरराव म्हणाले.

"जाळलं मी ते. त्याच दिवशी."

खाली भंगारवाला ओरडत गेला.

"तुम्ही दोघांनी वाचलंय," सोहोनी म्हणाले. "आठवून लिहा. दुसऱ्या आवृत्तीत घाला."

"आठवून लिहिलेलं माझं होईल, सोहोनी. त्या कारकुनाचं नाही. मी दुसऱ्यांचं छापतो."

"म्हणजे लोक बोलतात तेच खरं ठरायचं?"

श्रीधररावांचं म्हणणं खरं होतं आणि मला ते त्या क्षणी असह्य झालं. मी म्हटलं, छापू नका हवं तर, पण सांगायला काय हरकत आहे? मागच्या बाजूचा शेवट मला पाठ होता. मुद्रितं तपासणाऱ्या बाईला नको ते पाठ राहतं. मी म्हणून दाखवला:

"'त्यांस दोष देणें माझ्यानें होत नाहीं. मी कायदा पाळून माझी मुलगी छावणींत पाठविली. ती परत आली नाहीं. मीही लपविली असती तर बरें होतें.'"

सोहोनी माझ्याकडे बघत राहिले. "हे मागच्या बाजूला होतं?"

"हो."

"पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. त्यांचे ओठ माझ्यामागून हलत होते. डोळे भरून आले होते. वाटलं, चला, एका माणसापुरतं तरी ते पान वाचलं.

मग ते हळूच म्हणाले, "मंदाकिनीबाई, रागावू नका. पण मला बरं वाटावं म्हणून तुम्ही हे मनचं तर सांगत नाही ना?"

मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. त्यांचा विश्वास बसला नव्हता.