सुताराची लेक आणि दोन शाळा

एका तरी शाळेने नाही म्हणायला काय हरकत होती? पण नाही! दोन्ही शाळांनी भिंगरीला प्रवेश दिला, दोन्हींनी "अभिनंदन" लिहिलेली पत्रं पाठवली, आणि दोन्हींनी शनिवारी दुपारी चारपर्यंत काय ते कळवा म्हणून बजावलं. लाकूड नुसतं हातात धरून ते किती वाळलंय हे सांगणारा भिंगरीचा बाप तेव्हापासून घरात हरवल्यासारखा फिरत होता. चहा समोर ठेवला तर गार व्हायचा, आणि गार झाला म्हणून पुन्हा गरम करून दिला तर तोही गार व्हायचा.

भिंगरी ही सुताराची एकुलती एक लेक. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून हे नाव पडलं. आता ती दहा वर्षांची होती. फिरणं केव्हाच थांबलं होतं, नाव तेवढं राहिलं होतं.

शाळा दोन, दोन्ही खाजगी. एक टेकडीवरची, एक पुलाजवळची. फी जवळजवळ सारखीच, त्यामुळे तीही सबब नाही. भिंगरीची आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. रकाने पाडल्याशिवाय तिला कुठलीच गोष्ट नीट दिसत नसे. तिने मोठा कागद घेतला, रकाने आखले: मैदान, प्रयोगशाळा, बस, निकाल, शिक्षक, स्वच्छतागृहं, असे एकूण बावीस. जिथे जी शाळा सरस, तिथे तिला खूण. शेवटी मोजलं तर टेकडीला अकरा खुणा, पुलाला अकरा खुणा.

"आता घ्या!" ती म्हणाली. "अहो, एखादा रकाना राहिला का बघा ना."

राहिला होता. पण तो कुठला, हे सुताराने तिला सांगितलं नाही.

भिंगरीच्या मामाचा सल्ला तर न मागता यायचा. मंगळवारी तो म्हणाला, "भावोजी, डोळे झाकून टेकडीवरची घ्या." गुरुवारी दारातूनच ओरडला, "पुलाजवळची सोडाल तर पस्तावाल हं!"

"अरे, परवा तर तू टेकडी टेकडी करत होतास!"

"परवाचं परवा. आज मला नवीन माहिती मिळालीय."

"कुणाकडून?"

"ते जाऊ दे," मामा म्हणाला आणि पोहचवलेल्या माहितीबद्दल चहा पिऊन गेला. सुताराच्या डोक्याचा पार भुगा झाला.

न सांगितलेला रकाना असा होता. चार महिन्यांपूर्वी भिंगरीच्या प्राथमिक शाळेतलं एक दार अडकत होतं, ते तासून द्यायला सुतार गेला होता. नेमकी मधली सुट्टी झाली. पोरं मैदानावर सांडली. त्याने हौसेने आपली लेक शोधली. ती भिंतीशी उभी होती. खाली वाकून तिने बुटाची नाडी सोडली, बांधली. परत सोडली, परत बांधली. सुट्टीभर तिने एवढंच काम केलं. शेजारून दहा-बारा मुली हसत गेल्या, एकीनेही तिच्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी आईने विचारलं, "काय गं, आज काय केलंस?" तर म्हणे, "खूप खेळलो आम्ही." सुतार तेव्हा जेवत होता. त्याने मान खाली घालून पुढचा घास घेतला. बोलला असता तर लेकीचं खोटं उघडं पडलं असतं, आणि ते त्याला बघवलं नसतं.

म्हणजे त्याला काय हवं होतं? प्रयोगशाळा? मैदान? छे! एक मैत्रीण. एकच. पुढची सहा वर्षं तिने नाड्या बांधत काढू नयेत, एवढंच. पण हे कुठल्या माहितीपत्रकात छापतात?

आणि इथेच सुताराला वाटलं की आपल्याकडे असं काहीतरी आहे, जे दुसऱ्या कुठल्या आईबापाकडे नाही. वार्षिक सुट्टीत दोन्ही शाळांचे मोडके बाक दुरुस्तीला त्याच्याच कारखान्यात यायचे. कारखाना कसला, एक लांब पत्र्याची शेड. डावीकडे टेकडीचे बाक रचलेले, उजवीकडे पुलाचे. शाळेबद्दल शाळा बोलणार नाही ते बाक बोलेल, असं त्याला वाटलं, आणि कामधंदा सोडून गडी चष्मा लावून बाक वाचत बसला.

टेकडीचे बाक गुळगुळीत. ना रेघ, ना ओरखडा. पुलाचे बाक मात्र गजबजलेले. "सरकून बस ना गं." "आज डब्यात काय?" "पाचव्या तासाला मला उठव." एका बाकावर तर मधोमध रेघ मारून दोन राज्यं केलेली, आणि रेघेवर लिहिलेलं, "आजपासून मैत्री, रेघ रद्द." सुताराला इतका आनंद झाला की तो एकटाच हसला. ठरलं! पूल!

दुसऱ्या दिवशी त्याच ढिगातला एक बाक त्याने उलटा केला. त्यावर "बेडकी" असं कोरलेलं होतं. एकदा नाही, सात वेळा, आणि सात वेगवेगळ्या अक्षरांत. सगळ्यात खाली बारीक पेनाने कुणीतरी लिहिलं होतं, "पुरे ना आता." सुताराने चष्मा काढला. म्हणजे इथे सात जण मिळून एकीला छळतात? मग टेकडीवरचे बाक कोरे का? तिथली पोरं सुस्वभावी की नुसतीच भेदरलेली? गुळगुळीत फळीवरून काय कळणार, कपाळ! आधी बुद्धी अर्धी तरी शाबूत होती, बाक वाचून तीही गेली. तळ्यात म्हणावं तर मळ्यात, मळ्यात म्हणावं तर तळ्यात.

असा शनिवार उजाडला. आई दवाखान्यात गेली. जाताना म्हणाली, "साडेतीनला फोन करते. तुम्ही सांगाल त्या शाळेला मी कळवून टाकते. माझ्याच्याने आता होत नाही." भिंगरी बापाबरोबर कारखान्यात आली.

सुतार बाकाच्या एका पायाला डिंक लावत होता, पण लक्ष घड्याळाकडे. तीन वाजून गेले. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आलं की पोरीचा आवाज नाही. तशी ती बोलायची कमीच, पण हालचाल तरी असायची. बघतो तर ही टेकडीच्या एका बुटक्या बाकाशी गुडघ्यांवर बसलेली, आणि डोकं पुस्तकांच्या कप्प्यात.

"अगं, काय करतेस? कुसळ घुसेल एखादं!"

"बाबा, इथे खेळ आहेत," आतून आवाज आला.

सुतार बॅटरी घेऊन आला. कप्प्यात मान घातली. कप्प्याच्या आतल्या छतावर, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशा जागी, फुली-गोळ्याचे डाव मांडलेले. पंचवीस-तीस तरी असतील, ओळीने, बारीक पेन्सिलीने. गेल्या सुट्टीत हे कप्पे त्यानेच आतून रंगवले होते, म्हणजे हे सगळं याच वर्षातलं. शेवटी गुण लिहिले होते. एका बाजूला "मी – १४". दुसऱ्या बाजूला "मी – ११".

"हे काय?" सुतार म्हणाला. "चौदावाली मी, आणि अकरावाली पण मी? जिंकलं कोण मग?"

"कुणी नाही. ती एकटीच खेळते, बाबा."

"तुला काय माहीत?"

"मी पण असंच खेळते," भिंगरी म्हणाली. नेहमीसारखं, सहज.

सुताराने बॅटरी बंद केली. अंधारात मान आत तशीच ठेवून तो थोडा वेळ बसला, कारण डोळे भरले होते आणि ते पुसावेत तर हाताला डिंक होता. बाजूच्या जागेचा कप्पा त्याने चाचपला. तो कोरा होता. वर्षभर तिथे कुणी बसलंच नव्हतं, किंवा बसूनही नसल्यासारखं.

बाहेर आला तेव्हा भिंगरी हात झटकत उभी होती.

"बाबा, मी या शाळेत जाते."

"या? अगं, इथे तर..." ज्या शाळेत एक पोर वर्षभर स्वतःशीच खेळलं, त्याच शाळेत आपली पोर घालायची? हे कुठलं शहाणपण? उद्या हिचेही डाव कुठल्यातरी कप्प्यात निघाले तर? "आणि ती मुलगीच आहे हे कशावरून?"

"मुलगा असला तरी चालेल."

"आणि हा बाक पाचवीचा आहे. ज्याने कोणी हे लिहिलं ते सहावीत गेलं असणार आता. तुमचा वर्ग एक नसेल, बेटा."

भिंगरीने विचार केला. तिच्या कपाळाला अगदी आईसारखी आठी पडली.

"पण मधली सुट्टी एकच असेल ना?"

सुताराने हातातली बॅटरी खाली ठेवली. मैत्रीण हिला कोण देईल म्हणून तो आठवडाभर बाक उलटेपालटे करत होता. आपली पोर कुणाची मैत्रीण होईल, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. हे बरोबर की चूक, ते त्याला अजूनही कळत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"काय ठरलं?" भिंगरीची आई म्हणाली. मागे दवाखान्याचा गलका होता. "लवकर सांगा, रांग आहे."

"टेकडीवरची."

"नक्की? परत फिरवाल नाहीतर. कारण काय, तेवढं सांगा. मला कागदावर लिहायचंय."

सुताराने लेकीकडे पाहिलं. ती पुन्हा कप्प्यात डोकं घालून बसली होती.

"तिच्या ओळखीचं आहे तिथे कुणीतरी."

"ओळखीचं? आपल्या भिंगरीच्या?" आईचा आवाज एकदम बदलला. रांग-बिंग विसरली ती. "कोण हो? नाव काय?"

"ते अजून विचारायचंय," सुतार म्हणाला.