सवलतीत मिळालेली मोटार

मित्रांनो, मी डाव्या दारावर ओरखडा असलेली एक जुनी निळी मोटार आहे. माझ्या पोटात पेट्रोल नाही, वीज आहे. मी आवाज करत नाही, म्हणून लोकांना वाटते की मी शांत आहे. तसे मुळीच नाही. थंडीत नुसती उभी असले तरी माझी वीज गळत असते आणि किती उरली तो आकडा सदैव माझ्यासमोर लुकलुकत असतो. असा आकडा समोर असताना कोणाला स्वस्थता लाभेल?

कारखान्यातून निघाले तेव्हा अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका दंतवैद्याने मला घेतले. पहिले वर्षभर तो शेजाऱ्यांना बोलावून बोलावून मला दाखवत असे. पुढे त्याच्या दारात माझ्याहून मोठी, चकचकीत मोटार आली आणि माझी रवानगी डुलुथच्या एका जुन्या मोटारींच्या विक्रेत्याकडे झाली. तिथे मी अकरा आठवडे उन्हात उभी होते. लोक येत, टायरला लाथ मारत, "थंडीत बंद पडते म्हणे ही," असे म्हणत आणि पुढे जात.

ऑगस्टमध्ये सिल्वी हाकाला आली. ती इस्पितळात एक्स-रे काढते. विक्रेता तिला म्हणाला, "बाई, जुनी विजेची गाडी घेतली की सरकार करात चार हजार डॉलर सोडतं. ते मी इथंच किमतीतून कापतो. अट एकच. तुम्ही एकट्या ना? मग यंदाची नाहीतर गेल्या वर्षीची कमाई पंच्याहत्तर हजारांच्या आत हवी."

गेल्या वर्षी तिची कमाई त्याच्या थोडी वर गेली होती. यंदाचा अंदाज तिने बोटांवर मोजला. "बसते. अगदी काठावर, पण बसते," ती म्हणाली आणि तिने सही केली.

घरी तिचे वडील टाउनो होते, वय एक्याऐंशी. अडतीस वर्षे त्यांनी गोदीवर लोहखनिजाने बोटी भरल्या होत्या. भिंतीतून वायर लावून चालणारे वाहन त्यांना पटेना. "काय गं, तुझी इस्त्री तापली का?" असे ते रोज विचारत. सहा वर्षांपूर्वी बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले, पण भाडेकरू म्हणून. दर एक तारखेला तीनशे डॉलरचे पाकीट फ्रिजवर ठेवत आणि ऐटीत सांगत, "घरमालकीणबाई, भाडं ठेवलंय."

त्या हिवाळ्यात इस्पितळातली दोन माणसे काम सोडून गेली. सिल्वीला जादा पाळ्या कराव्या लागल्या. परत येताना ती माझ्या स्टिअरिंगवर बोटे वाजवत पुटपुटे, "एकाहत्तर... त्र्याहत्तर..." कधी कधी दारात पोहोचूनही अंगातला कोट न काढता ती बसल्या जागी डुलकी घेई. डिसेंबरात कमाई अठ्ठ्याहत्तर हजारांवर गेली. मर्यादेच्या वर एक डॉलर गेला काय नि तीन हजार गेले काय, चारही हजार सरकारला परत करायचे होते. माझ्यामुळेच ना हे सारे? मला काही सुचेनासे झाले.

फेब्रुवारीत ती वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणत होती. वाटेत मला चार्ज करायला थांबली. टाउनो आत बसले होते. ती बाहेर, कानटोपी घालून, थंडीने ताठ झालेल्या वायरशी झटत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला, पण तो माझ्याशी जोडलेला होता, त्यामुळे आवाज निघाला माझ्या स्पीकरमधून! कराचे कागद भरून देणाऱ्या बर्नाडीनबाई बोलत होत्या.

"सिल्वी, वाट सापडली बघ. वडिलांचा अर्ध्याहून जास्त खर्च तूच करतेस ना? मग तू एकटी नाहीस, कुटुंबप्रमुख आहेस. तुझी मर्यादा थेट एक लाख साडेबारा हजार. त्यांचं नाव फक्त 'अवलंबून' या रकान्यात टाकायचं. आणि ते भाडं देतात म्हणालीस, पण तू त्याला हातच लावत नाहीस, त्यांच्याच नावावर ठेवतेस. मग ते धरायचं कारण नाही. ऐकतेयस ना?"

"ऐकतोय," टाउनो म्हणाले.

"...कोण बोलतंय?"

टाउनो दार उघडून उतरले आणि बर्फावरून चढाच्या रस्त्याने चालू लागले. सिल्वीने वायर ओढून काढली आणि मला त्यांच्यामागे नेले. माझ्यात नऊ टक्के वीज होती. खिडकी उघडी टाकून आम्ही त्यांच्या शेजारून गोगलगायीसारख्या सरकत होतो.

"बाबा, आत बसा. पाय घसरेल."

"भाडेकरूला पाय असतात."

"अहो, मागच्या वर्षीच कंबरेचं हाड..."

"सहा वर्षं मी भाडं देतोय, आणि तू माझ्याशी भातुकली खेळत होतीस?"

"तुम्ही दुसऱ्या कशानं आला असता का? आई गेल्यावर तीनदा बोलावलं, तीनदा नाही म्हणालात. भाड्याचं नाव काढलं तेव्हा पेटी भरलीत!"

ते चालतच राहिले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"नाही लिहीत मी तुमचं नाव," सिल्वी म्हणाली. "भरून टाकते चार हजार. मार्चभर जादा पाळ्या करते, झालं."

टाउनो थांबले. "पुन्हा? तशीच कोट घालून गाडीत झोपणार?"

नेमकी तेव्हाच मी किंचाळले. पाच टक्के!

"आता हिला काय झालं?"

"जीव चाललाय तिचा. तुम्ही बसा, नाहीतर तिघंही इथंच राहू."

ते कुरकुरत बसले. आम्ही कसेबसे मागे वळलो, वायर लागली आणि माझ्या अंगात ऊब आली.

"अवलंबून," टाउनो म्हणाले. "दुसरा शब्द नाही का त्यांच्याकडे?"

"नाही. पण माझं नाव तुम्ही अठरा वर्षं त्याच रकान्यात लिहिलंत. मी कधी रुसले का?"

"तू भाडं देत नव्हतीस." आणि ते हसले, खोकला येईपर्यंत हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "लिही. आडनाव नीट लिही. गोदीच्या पगारपत्रकात अडतीस वर्षं चुकीचं यायचं."

कराचे कागद भरून गेले. चार हजार परत करावे लागले नाहीत. मार्चमध्ये पुन्हा मोठा बर्फ पडला. सकाळी टाउनो फावडे घेऊन माझी चाके मोकळी करू लागले. सिल्वी खिडकीतून ओरडली, "बाबा, अवलंबून माणसं बर्फ काढत नसतात!"

"कुटुंबप्रमुखांनी आत झोपावं!" ते ओरडले.

मित्रांनो, माझी बॅटरी आता दरवर्षी थोडी थोडी खंगते आहे. उद्या मलाही कोणी बदलेल, या विचाराने अजून जीव थाऱ्यावर नसतो. पण एक विनवणी करते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची काळजी जरूर घ्या, मात्र ती त्याच्यापासून लपवून घेऊ नका. जे सांगायचे ते त्याच्या शेजारी बसून सांगा. ते माझ्यासारख्या मोटारीच्या तोंडून त्याला कळू नये.