मनालीची हजेरी

परळच्या त्या शाळेत संघमित्रा बाई पाचवीची हजेरी घेत, तेव्हा कोणी 'हजर' म्हणत नसे. नाव आलं की आपली स्वतःची एक ओळ म्हणायची, लागली हजेरी. डी.एड.ला असताना बाईंनी इटलीतल्या एका मास्तरांबद्दल वाचलं होतं. ते मुलांसाठी कविता लिहीत आणि मुलांकडूनही लिहून घेत. ते खूळ बाईंनी गिरणगावात आणलं. ओळ कशीही असो, तिला त्या लाल पेन लावत नसत.

या आठवड्यात हजेरीच्या क्रमानं ओळी जोडून वर्गाची कविता झाली होती, शाळेमागच्या टॉवरविषयी. आणि नेमके त्याच टॉवरचे शेठ नवे बाक द्यायला येणार होते. हेडमास्तर चिंतामणी सरांनी शेवटची, मनालीची ओळ वाचली आणि त्यांना घाम फुटला. ही ओळ बदला, म्हणाले.

"पोरीची ओळ बदलणार नाही, सर," बाई म्हणाल्या. "हवं तर मला बदला."

सरांनी समारंभातून कविताच कापली, बाईंना मागच्या रांगेत बसवलं आणि बदलीचं पत्र तयार असल्याचं हळूच सांगून ठेवलं. बाईंना भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण बाकांपायी पोरांनी जीभ गहाण टाकायची, हे त्यांना मुळीच पटेना.

समारंभात शेठनी सहज विचारलं, पट किती, हजर किती. शिस्त दाखवायला सरांनी स्वतःच पाचवीचं मस्टर उघडलं. तीन वर्षांत हजेरीच्या वेळी ते पाचवीत फिरकले असते, तर अशी चूक केली नसती.

"राजरत्न."

"टॉवरला लिफ्ट सात, आमच्या चाळीला जिना एक."

"नूपुर."

"त्यांच्या काचेत आमचं आभाळ दिसतं, पण हात लागत नाही."

हशा पिकला. शेठही हसले. सर थांबले असते तर शिस्तीची शोभा झाली असती, म्हणून बिचारे नावं घेत राहिले आणि ओळीवर ओळ येत राहिली. एकच नाव उरलं, तेव्हा त्यांनी मस्टर मिटलं. सगळे हजर, म्हणाले.

मागच्या रांगेतून बाई उठल्या.

"एक राहिली, सर. मनाली."

मनाली उभी राहिली आणि शेठकडे बघत, न अडखळता म्हणाली, "चार वाजता तुमची सावली मैदानात येते. आमचं ऊन परत द्या."

आता कोणी हसलं नाही. बाई पुढे आल्या, सरांच्या हातून मस्टर घेतलं आणि मनालीच्या नावापुढे हजेरी लावली.